मांडवांचा सण आणि चाकांचे घर

शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्या माणसाला मुलांच्या प्रश्नांची सवय झालेली असते. काइनाला बायको कोठून मिळाली, नोहाने तारवात मासे घेतले होते की नाही, योनाला माशाच्या पोटात अंधारात भीती वाटली का, हे प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नव्या तोंडांतून येतात व त्यांची उत्तरे आमच्याजवळ तयार असतात. परंतु यंदा जानेवारीत एका मुलीने मला जे विचारले त्याचे उत्तर मला देता आले नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पन्नास वर्षे मी ते झाकून ठेवले होते.

त्या रविवारी धडा अब्राहामाचा होता. आपले गाव, आपले नातलग सोडून तो निघाला आणि वचनाच्या देशातही परक्यासारखा तंबूत राहिला, एवढे सांगून झाले. परंतु आमच्या भालकी तालुक्यातील मुलांना तंबू म्हणजे लग्नाचा शामियाना, फार तर जत्रेतली सर्कस. तंबू हेच घर, आणि ते घर माणसाबरोबर चालते, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहीना. तेव्हा मला एक युक्ती सुचली. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही उभयता आमच्या मुलाकडे न्यूझीलंडला गेलो होतो. तो ऑकलंडला नोकरीस आहे. त्याने आम्हांला तेथील दक्षिण बेटावर नऊ दिवस एका मोटारीतून फिरविले. त्या मोटारीतच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच सर्व काही. तिकडे तिला मोटारहोम म्हणतात. त्या प्रवासाची छायाचित्रे मी मुलांना दाखवू लागलो. हे पाहा, चाकांवरचे घर. अब्राहामाचा तंबू उंटावर, आमचा इंजिनावर.

दाराजवळ त्या दिवशी तीन नवी मुले बसली होती. चर्चच्या पलीकडच्या माळावर ऊसतोडीची एक टोळी उतरलेली आहे, माणसे बीडकडची. माझी पत्नी त्या मुलांना चुरमुरे व गूळ देते, म्हणून ती रविवारी येऊन बसतात आणि चित्रे पाहतात. त्यांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती व तिच्या कडेवर धाकटा भाऊ. ती पुढे आली आणि चित्रात काय काय आहे ते नीट पाहू लागली. शेगडीवरचे पातेले, पाण्याचा कॅन, गुंडाळून ठेवलेली अंथरुणे, दाराच्या पायरीवर ताटल्या घेऊन बसलेली माझी नातवंडे. मग तिने विचारले, “मंग तुमी कोन्त्या कारखान्यावर गेल्ता?”

आमची मुले हसली. ती हसली नाही. तिने पुढचे विचारले, “उचल किती घेतल्याली?”

मी म्हटले, “अगं, कामाला नव्हतो गेलो. सहज फिरायला गेलो होतो.”

तिने क्षणभर विचार केला व म्हणाली, “घर असून?”

मी धडा आवरता घेतला आणि मुलांना गीत म्हणावयास सांगितले.

मुंबई-पुण्याकडील वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्याकडच्यांना त्याची गरज नाही. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम जोडप्याला जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. ती फिटेपर्यंत तोड सोडून जाता येत नाही. मजूर मोजताना माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात व उन्हाळा लागता लागता परततात. मधले पाच-सहा महिने चिपाड, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी हे घर. बीडकडची माणसे अशी आमच्याकडे येतात, आणि आमच्या आळंद-चिंचोळीच्या तांड्यांतील माणसे बांधकामावर मुंबई, पुणे, बेंगळूरु, हैदराबाद गाठतात. कोणाची कोपी कोणाच्या दाराशी पडावी याचा काही नियम नाही. तेव्हा त्या मुलीने आमच्या चित्राचा जो अर्थ लावला तो तिच्या अनुभवाप्रमाणे अगदी बरोबर होता. आईबाप, मुले, म्हातारी माणसे, भांडी व बिछाने सर्व मिळून चाकांवर निघाली, तर ती कारखान्याला चालली असली पाहिजेत. दुसरे काय कारण असणार?

आता त्या प्रवासाविषयी थोडे सांगतो, कारण तो खरोखर आनंदाचा होता व तसे न सांगणे हा कृतघ्नपणा होईल.

मोटार आम्ही ख्राइस्टचर्च येथे भाड्याने घेतली. बाहेरून लहान ट्रकाएवढी. आत सहा माणसांचा संसार. गॅसच्या शेगड्या, हात धुण्यापुरती मोरी, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी, चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी एक खाट, तेथे नातवंडे. प्रत्येक कपाटाला खटका असतो. तो लावायचा राहिला की पहिल्याच वळणावर डाळीचा डबा अंगावर येतो. आमचा आला. सूनबाई म्हणाली, जाऊ द्या, आई. पण माझ्या पत्नीने ती तूर कण न् कण वेचली. कलबुर्गीच्या तुरीवर वाढलेल्या बाईला परदेशात तूरडाळ सांडणे म्हणजे काय, हे मी वर्णावयास नको. दोन दिवसांतच ती त्या मोटारीत अशी रुळली की मला म्हणाली, “एवढ्यावर भागतं की हो माणसाचं. मग घरात एवढं सामान कशाला भरलंय आपण?”

पहिल्या दिवशी आम्ही टेकापो नावाच्या सरोवराशी मुक्काम केला. त्याचे पाणी नीलमण्यात दूध मिसळावे तशा रंगाचे आहे. डोंगरावरील हिमनद्या खडक दळून त्याचे पीठ करतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहते व त्यावरून प्रकाश परततो, म्हणून तो रंग. सरोवराच्या काठी १९३५ मध्ये बांधलेले एक लहानसे दगडी चर्च आहे. त्याचे नाव उत्तम मेंढपाळाचे चर्च. गमतीची गोष्ट ही की त्या साऱ्या प्रदेशाला जेम्स मॅकेंझी या माणसाचे नाव मिळाले आहे, आणि त्याला १८५५ मध्ये एक हजार मेंढरे चोरल्याच्या आरोपावरून पकडले होते. पुढच्याच वर्षी त्याला माफी मिळाली. चोर म्हणून पकडलेल्याच्या मुलखात उत्तम मेंढपाळाचे मंदिर, हा योग मला तरी बरा वाटला.

त्या चर्चमध्ये वेदीच्या मागे भिंत नाही, मोठी काच आहे. बाकावर बसले की समोर सरोवर आणि त्यापलीकडे बर्फाचे डोंगर. आत छायाचित्र काढण्यास मनाई आहे हे उत्तम केले आहे. बाहेर त्यासाठी गर्दी उसळलेली असते. मी तेथे बराच वेळ बसलो. मन खरोखर स्तुतीने भरून आले. परंतु उठताना एक गोष्ट जाणवली व ती पुढेही माझा पिच्छा सोडीना: त्या काचेतून माणूस दिसत नाही. पाणी, बर्फ, आकाश. पुढच्या आठ दिवसांत पुकाकी सरोवर पाहिले, ३७२४ मीटर उंचीचा आओराकी पर्वत पाहिला, पण जे जे आम्ही सुंदर म्हणून पाहिले त्यात कोणी राबत असलेला माणूस नव्हता. बिदरच्या पठाराच्या कडेवरून श्रावणात खाली मांजरेचे खोरे पाहावे, तेही कमी सुंदर नसते. पण तेथे आपल्याला निंदणाऱ्या बाया दिसतात, त्यांतली एखादी ओळखीची असते, आणि मग ते दृश्य राहत नाही.

त्याच रात्रीची गोष्ट. तो प्रदेश २०१२ पासून अंधाराचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. रस्त्यावरचे दिवे मंद व खाली झाकलेले, जेणेकरून तारे दिसावेत. तेथे डिसेंबरात दहा वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो. मध्यरात्रीच्या सुमारास मला जाग आली, शाल घेऊन बाहेर आलो, आणि वर पाहतो तो मृग नक्षत्र उलटे. दक्षिण गोलार्धातून ते तसेच दिसते, हे मी शाळेत मुलांना तीस वर्षे शिकविले होते. पण शिकविणे निराळे आणि आपले तिकांडं खाली डोके वर पाय असे डोळ्यांनी पाहणे निराळे. आणि त्या क्षणी माझ्या वडिलांचा आवाज मला ऐकू आल्यासारखा झाला: “ते बघ तिकांडं. आपल्या घरावर बी आत्ता हेच हाय.”

ते त्यांनी मला म्हटले होते ऑक्टोबर १९७३ मध्ये, उमरग्याच्या अलीकडे, पहाटे बैल जुंपताना. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

१९७२ च्या दुष्काळाने आमची दोन एकर कोरडवाहू जमीन व वडिलांचे धैर्य ही दोन्ही वाळवून टाकली होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. पण कर्ज होते आणि घरात दाणा नव्हता. वडिलांनी मुकादमाची उचल घेतली व दसऱ्यानंतर आम्ही बैलगाडीने सोलापूर जिल्ह्यातील एका कारखान्याकडे निघालो. बसवकल्याण, उमरगा, नळदुर्ग असे करीत आठ दिवस लागले. गाडीत ज्वारीचे पोते, तवा, काटवट, एक कंदील, तीन कोंबड्या, आई, आणि मी. थोरली बहीण बहुधा पायीच चाले, बैलांना ओझे नको म्हणून. ती चौदा वर्षांची होती. रात्री आम्ही गाडीखाली झोपत असू. असे दोन हंगाम गेले. नंतर कोणा भल्या माणसाच्या शिफारशीने मी बिदरला वसतिगृहात राहिलो, शिकलो, शिक्षक झालो. वर्गातल्या मुलांपेक्षा मी वयाने मोठा का, असे विचारले की आजारी होतो म्हणून सांगत असे. ते इतके वेळा सांगितले की पुढे मलाच खरे वाटू लागले.

सकाळी सूनबाईने चहा देताना विचारले, “बाबा, झोप लागली ना? असं गाडीत झोपायची सवय नसेल तुम्हाला.”

“नाही, सवय नाही,” मी म्हणालो.

माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले व ती काही न बोलता पाव कापू लागली. तिला सर्व ठाऊक आहे. मुलाला नव्हते, नातवंडांना तर नव्हतेच. वाचकहो, वेदीच्या काचेसमोर आदल्या दिवशी स्तुती करणारा मी, दुसऱ्या सकाळी दोन शब्दांत माझ्या आईबापांना नाकारून मोकळा झालो. कोंबडा आरवला नाही, एवढेच. त्या मुक्कामात कोंबडे नव्हते.

आता प्रश्नाकडे येऊ. एक कुटुंब हौसेने चाकांवर राहते, दुसरे पोटासाठी. दोन्ही चित्रे सारखी दिसतात. मग फरक कोठे आहे? आणि पहिल्या कुटुंबावर दुसऱ्याचे काही देणे लागते काय?

फरक कोठे आहे याचे उत्तर मला त्या प्रवासातच दोन ठिकाणी मिळाले. पहिले जरा ओंगळ आहे, पण सांगितले पाहिजे. मोटारीत शौचकूप असतो व त्याखाली एक पेटी. ती दर दोन दिवसांनी ओढून काढून ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. हे काम माझा मुलगा करी; इंजिनियर मनुष्य, हातमोजे घालून, शीळ घालीत. ती पेटी उचलून तो चालला की मला त्याच्याकडे पाहवत नसे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी गावाच्या कोणत्या टोकातून आली आणि त्या टोकाला गावाने कोणती कामे वाटून दिली होती, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. तसे काम माणसाकडून हातांनी करवून घेणे बंद व्हावे म्हणून आपल्या देशाला २०१३ मध्येसुद्धा नवा कायदा करावा लागला. आणि येथे माझा मुलगा तेच काम शीळ घालीत करतो! मग ध्यानात आले की काम तेच, पण पेटी खाली ठेवल्यावर तो हात धुतो आणि माणूस म्हणून जसा होता तसाच परत येतो. कोणी त्याच्या सावलीपासून दूर सरत नाही. उद्या त्याचा मुलगा जन्मतः त्या पेटीचा धनी ठरणार नाही.

दुसरे उत्तर तेथील कायद्यात मिळाले. सार्वजनिक जागी मोटारीत रात्र काढण्याविषयी न्यूझीलंडमध्ये २०११ चा एक कायदा आहे. तो २०२३ मध्ये कडक केला. बहुतेक ठिकाणी मोटारीत कायमचा बसविलेला शौचकूप असलाच पाहिजे, नसेल तर दंड. परंतु त्याच वेळी कायद्यात असेही लिहिले की ज्यांना राहण्यास घरच नाही म्हणून जे मोटारीत झोपतात, त्यांना हे नियम लागू नाहीत. मुलाने हे मला सहज सांगितले व मी चकित झालो. एकाच वाहनतळावर शेजारी शेजारी दोन मोटारी उभ्या असतील, दोन्हींत माणसे झोपलेली असतील, आणि कायदा दोघांना विचारतो: घर असून की घर नसून? आमच्या वर्गातील त्या मुलीने जे दोन शब्दांत विचारले तेच.

तेव्हा फरक चाकांत नाही, शेगडीत नाही, सोयींत तर नाहीच. थांबता येणे आणि परतता येणे यात आहे. दहाव्या दिवशी मोटारीची किल्ली परत देता आली म्हणून आमचे नऊ दिवस सुखाचे झाले. माझ्या वडिलांजवळ परत देण्यासारखी किल्ली नव्हती.

परंतु हे एवढे सरळ आहे असेही मला वाटत नाही. त्या आठ दिवसांच्या वाटेवर नळदुर्ग लागले होते. तेथील किल्ल्यात बोरी नदीला बांध घातलेला आहे; दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातील काम. नदीला पाणी असले की बांधावरून दोन धारा कोसळतात, त्यांना लोक नर-मादी म्हणतात. वडिलांनी गाडी थांबविली. मुकादम ओरडला. वडील म्हणाले, पोरांना धबधबा दाखवून आणतो, आणि आम्हां दोघांना आत घेऊन गेले. आम्ही त्या तुषारांत उभे राहिलो. बहीण हसत सुटली. त्या साऱ्या वर्षात ती तशी हसलेली मला आठवते ती तेवढीच. वडिलांनी मिशीवरचे पाणी पुसले व म्हणाले, चला. तो अर्धा तास उचलीतून कोणी कापून घेऊ शकले नाही. म्हणून केवळ पोटासाठी निघालेल्यांच्या वाटेवर आनंद नसतो, डोळे फक्त पैसेवाल्यांना असतात, असे कोणी म्हणू लागला तर मी ते मान्य करणार नाही. तसे म्हणणे हाही गरिबांचा एक प्रकारे अपमानच आहे.

देण्याघेण्याचा प्रश्न याहून अवघड. मी हे सारे आमच्या मंडळीतील एका वडीलजनांपाशी बोललो. ते माझे जुने स्नेही आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, मुलाने कष्टाच्या पैशाने आईबापांना फिरवले, यात पाप काय? तुम्ही प्रत्येक घासाला उपाशी माणूस आठवत बसलात तर घासही जाईल आणि उपाशी माणूस उपाशीच राहील.” त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. मन खाणे हे पुष्कळदा दुसऱ्यासाठी नसतेच, स्वतःच्या समाधानासाठी असते. माझ्या खिन्नतेने माळावरच्या एकाही कोपीचा कागद बदलला नाही.

मग आठ-दहा दिवसांनी नहेम्याचे पुस्तक वाचताना मी अडखळलो. ती कथा आपणां सर्वांस माहीत आहे. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीपुढील चौकात जमले, एज्रा नियमशास्त्र वाचू लागला आणि ते ऐकून लोक रडू लागले. आपण काय काय विसरलो हे त्यांना कळले, म्हणून ते रडत होते. मला वाटले असते की आता त्यांना आणखी रडावयास सांगतील. सांगितले उलटेच. रडू नका, जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांना नियमशास्त्रात मांडवांचा सण सापडला. ते डोंगरावर गेले, जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या डाहळ्या आणल्या व घरांच्या धाब्यांवर, अंगणांत मांडव घालून राहिले. यहोशवाच्या काळापासून तोवर तो सण असा कोणी पाळला नव्हता, असे तेथे लिहिले आहे.

या सणाविषयी आपण शब्बाथ शाळेत फारसे शिकवीत नाही. वल्हांडण आणि पन्नासाव्या दिवसाचा सण यांना आपल्याकडे जागा आहे; मांडवांच्या सणाला नाही. पण जरा विचार करा. घर असलेल्या माणसांना नियमशास्त्र सांगते की सात दिवस घर सोडा आणि डाहळ्यांच्या खोपटात राहा. कशासाठी? मिसरातून निघालेले तुमचे पूर्वज असे राहत होते हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. आणि ते सात दिवस दुःखाचे नाहीत, उपासाचे नाहीत. हंगाम घरात आल्यावरचा तो सण. हर्ष करण्याची आज्ञा आहे, आणि हर्ष करणाऱ्यांच्या यादीत मुलगा व मुलगी यांच्याबरोबर दास, दासी, परका, अनाथ आणि विधवा ही सर्व आहेत. म्हणजे तीही एक सुट्टीच होती. घर असून मांडवात राहण्याची सुट्टी. आमच्या मोटारीत आणि त्यांच्या मांडवात फरक एवढाच की त्यांच्या मांडवात बापाला मुलांशी बोलावे लागे. डाहळ्या बांधताना मूल विचारणार, हे कशाला? आणि बाप सांगणार की आपण एकदा असे राहत होतो.

माझ्या नातवाने मला हे विचारलेच होते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, खाटेवरून डोके खाली काढून तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही लहानपणी सुट्टीत कुठे जायचात?” मी म्हटले, “आमच्या वेळी सुट्ट्याच नसत.” उत्तर चुकीचे नव्हते. पण एवढी चांगली संधी मी कशी घालविली, हे आज लिहिताना मला लाज वाटते. आणि ज्या गोष्टीची पन्नास वर्षे लाज वाटत होती तिची वाटत नाही.

मी असे मानू लागलो आहे की आपल्या मंडळ्यांत हा दोष एकट्या माझा नाही. आपण मुलांना शिकविले, नोकऱ्या लावल्या, काहींना समुद्रापार पाठविले, आणि या साऱ्यात एक काळजी घेतली, की मागचे त्यांना कळू नये. त्यांचे मन दुखू नये, त्यांना कमीपणा वाटू नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला? माळावरची टोळी पाहून आपली मुले हसतात. त्या रविवारी जी हसली त्यांतल्या दोघांच्या आजोबांना मी ओळखतो. आम्ही एकाच कारखान्यावर होतो.

गेल्या महिन्यात मी मुलाला फोनवर सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, हे तेव्हा सांगायला हवं होतं. तिथंच.” नंतर वातावरण हलके करण्यासाठी म्हणाला की उचल त्यालाही आहे, पहिली काही वर्षे त्याचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला होता, नोकरी सुटली असती तर देश सुटला असता, आणि आता घराच्या कर्जाचे हप्ते आहेत. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी त्याला म्हटले, “तुझ्या उचलीपायी तुझ्या मुलांची शाळा सुटते का?” त्या कडेवर भाऊ घेतलेल्या मुलीची सुटलेली आहे. ऑक्टोबरात वर्गातून उठते, एप्रिलात परत जाते, व दरवर्षी थोडी मागे पडते. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा काढण्याचे प्रयत्न झाले. आमच्या माळावर तसे काही नाही. माझी पत्नी आता रोज संध्याकाळी चर्चच्या ओसरीवर तासभर त्यांना घेऊन बसते. सात-आठ मुले येतात. ती मुलगी बेरीज-वजाबाकीत हुशार निघाली. उचलीतून किती फिटले याचा हिशेब ती बापाला करून देते, आणि मुकादमाच्या वहीशी तो जुळत नाही, असे तिने परवा माझ्या पत्नीला हळूच सांगितले. त्याचे काय करावे याचा विचार आम्ही करीत आहोत.

मी तिलाही सांगितले की मी कोपीत राहिलेलो आहे. तिने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिले. तिला ते खरे वाटले नसावे. मग मी तिला मोळी कशी बांधतात ते करून दाखविले, आणि पहिली गाठ चुकलो. तिने ती सोडून नीट बांधून दिली.

नातवाला मात्र पुष्कळ प्रश्न पडले आहेत. दर रविवारी दुपारी, त्यांच्याकडे रात्र असते तेव्हा, तो फोनवर येतो. गाडीखाली झोपताना साप येत नसत का? पाऊस आला तर? नळदुर्गचा धबधबा टेकापोपेक्षा मोठा का? कोंबड्या पळून जात नसत का? मी आठवेल तसे सांगतो. मागच्या खेपेस त्याने बैलांची नावे विचारली. एकाचे सर्जा, ते मी चटकन सांगितले. दुसऱ्याचे काही केल्या आठवेना. पांढरा होता, डाव्या शिंगाला थोडा वाकडा, चढावर आधी तोच जोर लावी. एवढे सारे आठवते, आणि नाव नाही. आईवडील केव्हाच गेले. थोरली बहीण हुमनाबादला असते. तिच्यापाशीही मी त्या वर्षांचा विषय कधी काढलेला नाही. येत्या शनिवारच्या बसने तिच्याकडे जाणार आहे.